आडव्याबाई

आमच्या वहिनींना नगरपालिकेत सगळे आडव्याबाई म्हणतात. पाठीमागेच म्हणतात असं नाही, तोंडावरही म्हणतात, आणि वहिनी खुशाल ओ देतात. त्यांचं खरं पद आहे घरसेवा तपासनीस. म्हणजे ज्या म्हाताऱ्या, आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे नगरपालिकेतर्फे सकाळ-संध्याकाळ सेविका जाते, त्यांच्या घरी जाऊन ती सेवा धड होते की नाही हे बघायचं. बाकीचे तपासनीस दारात उभे राहून "काय आजी, बरं आहे ना?" असं विचारतात, आजी "बरंच म्हणायचं" म्हणतात, आणि तपासणी होते. वहिनी घरात शिरतात, आजींना हाताला धरून खुर्चीत बसवतात आणि स्वतः आजींच्या पलंगावर आडव्या होतात. हातपाय सरळ, नजर छताकडे.

"पडल्याशिवाय कळत नाही भाऊजी," त्या मला सांगतात. "उभं राहून बघितली की कुठलीही खोली छान दिसते. आडवं होऊन बघा. पंख्यावरची जळमटं दिसतात. पाण्याचा पेला हाताला लागत नाही. दाराकडे पाठ असते, कोण आलं, कोण गेलं, पत्ता नाही."

एवढ्यावर भागत नाही. सेविका समोर असेल तर तिला म्हणायचं, "हं, आता मीच आजी. मला कुशीवर वळवा." वहिनी अंगाने भरभक्कम आहेत. एका सेविकेने त्यांना वळवायला जाऊन आपलीच कंबर धरली, आणि वहिनींनी तिथल्या तिथे तिला पलंगावर निजवून तिची कंबर चोळून दिली. त्या दिवशी आजी खुर्चीत, सेविका पलंगावर आणि तपासनीस तेलाची बाटली घेऊन उभी, असा देखावा होता म्हणे. आजी खूप वर्षांनी हसल्या, असं त्यांच्या मुलीने सांगितलं.

मी वहिनींचा धाकटा दीर. आम्ही एकाच घरात राहतो. दादा आणि वहिनी वरच्या खोल्यांत, मी आणि बायको खालच्या, आणि जेवण सगळ्यांचं एका टेबलावर. माझं कुलपांचं दुकान आहे. किल्ल्या करायच्या, अडकलेली कुलपं सोडवायची, नवी बसवायची. माझा स्वभाव जरा तापट आहे असं बायको म्हणते. त्यातला "जरा" तिने प्रेमापोटी घातलेला आहे.

मागे एकदा मी दुकानातल्या स्टुलावरून पडलो आणि घोटा मोडून घरी बसलो. तेव्हा वहिनींनी मलाही सोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी खाली आल्या, मला खुर्चीत हलवलं, माझ्या पलंगावर ताणून दिली, आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "यांच्या हाताशी घंटी का नाही ठेवली?"

"जाऊबाई, घंटीशिवायच हे घर डोक्यावर घेतायत," बायको म्हणाली. "घंटी दिली तर मला घर सोडावं लागेल."

दादा दारात उभा होता. माझा दादा दिवसाला मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तिला कापसाचे बोळे द्या," आणि निघून गेला. तपासणीचा निकाल काय लागला ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

तर अशा या वहिनी. कामात चोख, आणि निकाल द्यायला कडक. सेवा वाईट असली की सरळ "नापास" लिहायच्या. सेविका पुरवणारे ठेकेदार हात जोडून येवोत नाहीतर डोळे वटारून, फरक नाही. कडकपणा हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. "मी नापास करते म्हणून निदान कुणाची तरी झोप उडते," असं त्या म्हणायच्या, आणि ते आम्हा सगळ्यांना पटायचं.

पण झोप भलत्याचीच उडणार होती.

त्याचं असं झालं. नगरपालिकेची भाड्याने दिलेली घरं आहेत. घर रिकामं झालं की तिथलं कुलूप बदलायचं काम निवास विभाग मला देतो. एका दुपारी तिथल्या कारकुनाचा फोन आला. पत्ता सांगितला आणि म्हणाला, "या घरात माणूस अजून आहे. त्याला स्ट्रेचरवरून खाली नेतील, मागोमाग तुम्ही कुलूप बदला. घर रांगेतल्या पुढच्या कुटुंबाला द्यायचंय."

"म्हणजे मी काय जिन्यात बसून त्याची निघायची वाट बघू?" मी विचारलं.

"बसा नाहीतर उभे राहा. हत्यारं घेऊन या म्हणजे झालं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला तरी मी दुकानात एकटाच बोलत होतो. संध्याकाळी जेवताना तोच राग ओकत बसलो होतो. "रिकाम्या घराला कुलूप लावणं हा धंदा झाला. पण घरात जिवंत माणूस असताना बाहेर किल्ल्या खुळखुळवत उभं राहायचं, याला काय म्हणायचं? मी कुलूपवाला आहे की जल्लाद?" आणि असं म्हणता म्हणता पत्ता बोलून गेलो.

वहिनींचा घास हातातच राहिला. "तिसरा मजला? शेवटची खोली?"

"तीच."

"अहो, ते लिफ्टमनकाका!"

लिफ्टमनकाकांचं नाव आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण वहिनी त्यांचे विनोद घरी येऊन सांगायच्या. एका मोठ्या कापडाच्या दुकानात त्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली. बायको गेली, मूलबाळ नाही, मग पायांतली ताकद गेली. आणि राहायला होते तिसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्टच नाही. "जन्मभर सगळ्या गावाला वर नेलं," ते म्हणायचे, "आता मला खाली न्यायचं कुणाला सुचत नाही. चांगलंय, वरच बरं वाटतं."

"त्यांना का काढतायत?" बायकोने विचारलं.

वहिनींनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "मी तिथली सेवा नापास केलीये. लागोपाठ तीनदा."

"मग त्याचा घराशी काय संबंध?"

"तेच तर," वहिनी म्हणाल्या, आणि ताट सरकवून उठल्या. वहिनी जेवण टाकून उठल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात जाऊन खोदून खोदून विचारून आल्या. यंदा एक नवा नियम झाला होता. घरी मिळणारी सेवा लागोपाठ तीन तपासण्यांत नापास झाली, तर त्या माणसाला घरी ठेवणं धोक्याचं आहे असं धरायचं, त्याला आरोग्यगृहात हलवायचं, आणि घर परत घ्यायचं. आता आरोग्यगृहात जागा होती का? नव्हती. मग जागा होईपर्यंत माणूस जाणार कुठे? तात्पुरत्या निवाऱ्यात. तो निवारा म्हणजे जुन्या बाजाराची पत्र्याची शेड, ओळीने खाटा, आणि झाडायचं असलं की सकाळी सगळ्यांनी बाहेर पडायचं. पाय न हलणाऱ्या माणसाने कसं बाहेर पडायचं, ते नियमात नव्हतं. आणि एकदा घर गेलं की गेलं. त्यानंतर काका कायमचे बेघर.

नियम लागू झाल्यापासून त्यात सापडलेले काका पहिलेच. त्यांच्यामागे आणखी किती लागले असते, देव जाणे.

"म्हणजे वाईट काम करतो ठेकेदार, आणि घर जातं म्हाताऱ्याचं?" मी टेबलावर मूठ आपटली. टेबलावरची बरणी लवंडली आणि बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी ती निमूट उभी केली.

"मीच केलं हे," वहिनी म्हणाल्या. "मला वाटत होतं मी त्यांच्या बाजूने लढतेय. नापास लिहिलं की पुढे काय होतं, ते मी एकदाही विचारलं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दादाने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाला, "आता विचार." दादाच्या हिशेबाने हे भाषणच झालं.

वहिनी मग मोठ्या साहेबांकडे गेल्या. मोठे साहेब म्हणजे घरसेवा आणि निवास, दोन्ही विभाग ज्यांच्या हाताखाली येतात ते. माणूस वाईट नव्हता. उंचापुरा, गोरागोमटा, नेहमी कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं लोण्यासारखं मऊ. त्यांनी वहिनींचं सगळं ऐकून घेतलं आणि एक सोपी वाट दाखवली.

"बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. फेरतपासणी करा आणि पास लिहून टाका. घर वाचेल, माणूस खूश, ठेकेदार खूश. कुणाचं काय बिघडलं?"

वहिनी तिथून बाहेर पडल्या. फेरतपासणीला निघाल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "भाऊजी, चला बरोबर. तुम्हाला कुलूप बदलायचंय ते दार तरी बघून घ्या."

मी गेलो. तीन मजले चढून माझा मोडलेला घोटा कुरकुरायला लागला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक लहानशी स्वच्छ खोली, पलंग, टेबल, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. पलंगावर काका. बारीक चेहरा, पांढरी दाढी अर्धवट केलेली, म्हणजे एक गाल गुळगुळीत आणि दुसरा खुंटांचा.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या.

"एक्स्प्रेसला पुढची गाडी पकडायची होती," काका हसले. एक्स्प्रेस म्हणजे त्यांच्याकडे येणारी सेविका. पन्नाशीची बाई, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चालणं असं की जिन्यात तिच्या पायांचा एकच आवाज यावा. "दुसरा गाल संध्याकाळी करते म्हणाली. वाईट नाही हो ती. तिला ठेकेदाराने इतकी घरं दिलीयेत की बिचारीला स्वतःचा चेहरा धुवायला वेळ मिळत नसेल. रागावू नका तिच्यावर."

वहिनींनी मला हाताशी घेऊन काकांना खुर्चीत बसवलं आणि नेहमीसारख्या आडव्या झाल्या. टेबलावर पाण्याचा पेला होता. वहिनींनी हात लांब केला. बोटं पोचली नाहीत. आणखी ताणला. नाही. त्या उठल्या आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या.

"काका, सेवा नापास आहे."

"मला माहीत आहे ना," काका म्हणाले. "पण तुम्ही पास लिहा." त्यांच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, पण आवाज बदलला. "मला सांगितलंय त्यांनी, निवाऱ्यात नेणार म्हणून. बाई, मी तहान सहन करीन. अर्धी दाढी सहन करीन. एक वेळची आंघोळ चुकली तर काय जातंय? पण ही खोली माझी आहे. इथे माझी बायको गेली. या खिडकीतून मला रस्ता दिसतो. मला बाहेर नका काढू. लिहा ना पास. मी कुणाला सांगणार नाही."

मी तापट माणूस आहे, रडका नाही. पण त्या वेळी मी खिडकीशी जाऊन रस्ता बघायला लागलो, आणि रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

वहिनींच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी मला परतताना जिन्यात सांगितलं. पास लिहिलं तर काकांचं घर वाचतं, पण मग ते मरेपर्यंत हात लांब करून पडून राहणार, कारण पास झालेली सेवा कोण सुधारतं? नापास लिहिलं तर सेवा सुधारायच्या आधी माणूसच रस्त्यावर. दोन्हीकडून भरडले जाणार काकाच. मध्ये नगरपालिका कुठेच नाही.

दुसऱ्या मजल्यावर त्या एकदम थांबल्या. "भाऊजी, घर काढून घेण्याआधी भाडेकरूचं म्हणणं समक्ष ऐकायला लागतं. सुनावणी असते. काकांची अजून व्हायचीय."

"असेल. पण काका नगरपालिकेत कसे येणार?"

"नाहीच येणार! म्हणून आजवर काय होतं, भाडेकरू गैरहजर असं म्हणून निकाल देतात." वहिनींचा चेहरा उजळत चालला होता. हा चेहरा मी ओळखतो. यानंतर कुणाची तरी धडगत नसते. "पण भाडेकरूने मागितलं तर सुनावणी त्याच्या घरी घ्यावी लागते. मागितलंच नाही अजून कुणी!"

काकांनी मागितलं. साहेबांनी कुरकुर केली, पण नाही म्हणता आलं नाही. सुनावणी सकाळची ठरली, सेविका यायच्या वेळेला. निवासच्या कारकुनाने मलाही बोलावलं होतं, हत्यारांची पिशवी घेऊन. निकाल लागला की लगेच कुलूप बदलायचं, पुन्हा खेप नको, असा त्याचा विचार. मी गेलो. मला काय, निकाल बघायचा होता. आणि निकाल उलटा लागला तर पिशवी जिन्यात विसरून घरी जायचं मी मनाशी पक्कं केलं होतं.

साहेब तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्यांचा कडक शर्ट पार मऊ पडला होता. ठेकेदार त्यांच्या मागे, हातात रुमाल. खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीने उभे. काका खुर्चीत, नुकताच धुतलेला सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे.

"बोला बाई," साहेब म्हणाले. "पास की नापास?"

"साहेब, आज तपासणी तुम्ही करा," वहिनी म्हणाल्या. "पद्धत तुम्हाला माहीत आहे. आडवे व्हा."

कारकुनाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. साहेबांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा पलंगाकडे. मला वाटलं, आता हा माणूस तडक निघून जाणार आणि वहिनींची नोकरी जाणार. पण तीन मजले चढून आलेल्या माणसाला पलंग गोडही वाटत असावा. त्यांनी बूट काढले आणि आडवे झाले. पाय पलंगाबाहेर आले.

"एक अट आहे," वहिनी म्हणाल्या. "काकांना जे करता येत नाही, ते तुम्हालाही करता यायचं नाही. उठायचं नाही, वळायचं नाही."

"मान्य," साहेब छताकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात जिन्यात कॅनव्हासचे बूट वाजले आणि एक्स्प्रेसबाई वाऱ्यासारख्या आत आल्या. पलंगावर साहेब बघून त्यांचं धाबं दणाणलं.

"हे काका आहेत," वहिनी म्हणाल्या. "रोज करता तसंच करा. कमी नाही, जास्त नाही."

"सगळं?"

"सगळं. आंघोळ तेवढी वगळा. साहेबांना घरी जायचंय."

बाई क्षणभर घुटमळल्या. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि त्यांचे हात आपोआप सुरू झाले. ओल्या फडक्याने साहेबांचं तोंड एका झटक्यात पुसलं, डोळे-नाक-कान एकदमच. साहेब "अहो" म्हणेपर्यंत फडकं दुसऱ्या कानात. खुर्चीतून काका मार्गदर्शन करत होते.

"साहेब, आता दम धरा. हं, आता श्वास घ्या. आता डोळे मिटा, साबण येतोय. नाही, मिटा म्हटलं ना! आता उशी जाईल, मान सांभाळा."

उशी गेली. साहेबांचं डोकं गादीवर आपटलं. चादर ओढली गेली, साहेब कुशीवर गेले, भिंतीला नाक लागलं, परत उताणे झाले, शर्टाची एक बाही ओली झाली. दाढीचा ब्रश एका गालावर फिरला. मग बाईंनी पेल्यात पाणी ओतलं, टेबलावर ठेवलं, आणि म्हणाल्या, "संध्याकाळी येते काका. म्हणजे... साहेब. माफ करा. पुढच्या घरी आजी वाट बघतायत." आणि गेल्या. जिन्यात आवाज विरत गेला.

आम्ही हसत होतो, अगदी ठेकेदारसुद्धा. साहेबही हसले. एका गालावर फेस होता. "बरं बाई, कळलं. पाणी द्या जरा."

कुणी हललं नाही.

"पाणी," साहेब पुन्हा म्हणाले.

"सेविका संध्याकाळी येतील," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी हात लांब केला. पेला टेबलाच्या पलीकडच्या कडेला होता. त्यांचा हात काकांपेक्षा लांब, तरीही पोचला नाही. ते सहज उठू शकले असते. उठले नाहीत. शब्द दिला होता तो पाळला, हे त्यांच्या बाजूने मी कायम सांगेन. हात तसाच लांब ठेवून ते थोडा वेळ पडून राहिले. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

"मग तुम्ही काय करता?" त्यांनी काकांना विचारलं. आवाज ऑफिसातला नव्हता.

"बाई असतात तेवढ्यातच पिऊन घेतो," काका म्हणाले. "तहान नसली तरी पितो. आता अंगाला सवय झालीये."

साहेबांनी डोळे मिटले. ठेकेदार पुढे सरसावला. "साहेब, माणसं मिळत नाहीत हो. एका बाईला एवढी घरं द्यावीच लागतात."

"हे तुम्ही मला आधी सांगायचं होतं," साहेब पडल्या पडल्या म्हणाले. "माझ्या कानात साबण जायच्या आधी."

"आता निकाल सांगा, साहेब," वहिनी म्हणाल्या. "सेवा द्यायचं काम आपलं. ठेकेदार नेमला आपण. बाईंना एवढी घरं देऊ दिली आपण. नापास झालो आपण. मग घराबाहेर हे का? सेवा वाईट असेल तर सेवा बदला ना! या माणसाने काय केलंय? तो तर नुसता पडून आहे!"

खरं सांगतो, मला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हातात पिशवी होती म्हणून राहिल्या.

साहेबांनी त्याच अवस्थेत, एका गालावर फेस वाळत असताना, निकाल दिला. घर काढायचं नाही. काकांची सेवा ठेकेदाराकडून काढून नगरपालिकेने स्वतःकडे घ्यायची. एक्स्प्रेसबाईंना नगरपालिकेने नोकरीवर घ्यायचं, आणि त्यांच्याकडे झेपतील एवढीच घरं. नियमाचं मात्र त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. तो सभेत न्यावा लागला, तिथे बरीच भांडणं झाली, मधे एकदा बारगळतोय की काय अशी वेळ आली. वहिनी रोज घरी येऊन आकाशपाताळ एक करायच्या आणि आम्हाला रोज ऐकावं लागायचं. शेवटी नियम बदलला. सेवा नापास झाली तर जबाबदारी नगरपालिकेची, आणि माणूस त्याच्या घरातून हलणार नाही, असं ठरलं. पण ते पुढचं. त्या सकाळी काकांना एवढंच कळलं की आपण इथेच राहणार. ते खुर्चीत बसून दोन्ही हातांनी डोळे पुसत होते आणि "साहेब, आता उठा की, पाणी प्या," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

सगळे गेल्यावर मी पिशवी उचलली. काका म्हणाले, "कुलूपवाले, आलाच आहात तर एक काम कराल?"

"सांगा."

"या दाराची किल्ली ठेकेदाराच्या माणसांकडे असायची. जो येईल तो सरळ आत. मी पडल्यापासून या दारावर कुणी टकटक केलेली नाही. मी उघडा असेन, रडत असेन, बायकोच्या फोटोशी बोलत असेन. दार उघडतं आणि माणूस आत." ते जरा थांबले. "मला आतून उघडता येईल असं काही करता येईल?"

मी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. नवं कुलूप बसवलं, आतल्या खटक्याला एक मजबूत दोरी लावली, भिंतीवरून कड्यांतून फिरवून पलंगाच्या उशाशी आणली. ओढली की खटका सुटतो. अडीनडीला एक किल्ली एक्स्प्रेसबाईंकडे दिली, पण त्यांना दम भरला की आधी वाजवायचं. तापट माणसाचा दम, त्यामुळे लक्षात राहिला. काकांनी दोरी बऱ्याचदा ओढून बघितली. प्रत्येक वेळी मी उठून दार लावायचो, ते परत उघडायचे. मला राग आला नाही, ही नोंद बायकोसाठी करून ठेवतो.

काही आठवड्यांनी दोरी जरा जड चालते असा निरोप आला म्हणून मी तेल घालायला गेलो. वहिनी आधीच तिथे होत्या. काकांची दाढी दोन्ही गालांवर झालेली होती आणि एक्स्प्रेसबाई चक्क बसून त्यांच्या पायाला तेल लावत होत्या. बाई बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. तेवढ्यात दार वाजलं.

मी सवयीने उठलो. वहिनींनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"कोण?" काकांनी विचारलं.

"मी," बाहेरून धापा टाकणारा आवाज आला. "मोठे साहेब. फेरतपासणीला आलोय."

काकांनी आमच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी उमटलं. मग शांतपणे म्हणाले, "थांबा जरा."

उशाखालचा कंगवा काढला. केस विंचरले. चादर गळ्यापाशी नीट केली. बाईंनी पाय झाकले. काकांनी खोलीभर एक नजर टाकली, अगदी सावकाश. बाहेर तिसऱ्या मजल्याच्या त्या अरुंद जिन्यात साहेब उभे होते, आणि आत कुणालाही घाई नव्हती. मी तेलाच्या डबीचं झाकण लावत बसलो.

मग काकांनी दोरी ओढली. खटका सुटला, दार उघडलं. साहेब समोर उभे होते, घामाने भिजलेले. दार उघडंच होतं, तरी ते उंबऱ्यावर थांबले.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या," काका म्हणाले.